डेटाबेसवर चालणारी ॲप्लिकेशन्स आणि वेब सर्व्हिस शिकताना: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, टॅलीवर हात बसलेले ऑपरेटर, आणि "आपल्या कारखान्यासाठी एक सॉफ्टवेअर करून दे" असं ज्यांना घरातूनच सांगितलं गेलंय असे तरुण. हे प्रश्न बहुतेक त्यांच्याकडून येतात. उदाहरणांसाठी चादर-टॉवेलचा घाऊक व्यापार घेतला आहे. डझन, नग, उधारी, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), परत आलेला माल आणि जीएसटी हे सगळं त्यात एकत्र सापडतं. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

हे शिकायला आधी काय यायला हवं?

व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, आणि एरर आली की ती शेवटपर्यंत वाचायची सवय. कुठल्याही एका भाषेत शंभर ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला असला की पुरे. गणित आकडेमोडीपुरतं लागतं. बी.कॉम. झालेल्यांना एक फायदा असतो: जमा-नावे आणि खतावणी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. संगणकशास्त्राच्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ नेमका तिथेच जातो.

आधी जावा, पायथन, पीएचपी की आधी एसक्यूएल?

एसक्यूएल. भाषा आणि फ्रेमवर्क (कोडचे तयार सांगाडे) दर चार-पाच वर्षांनी बदलतात. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडलेलं रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) मात्र आजही तुमच्या बिलाच्या टेबलामागे आहे. पहिले पाच आठवडे स्क्रीन, बटणं, रंग यांना हात लावू नका. आधी कागदावर टेबलं आखायची, मग नुसत्या काळ्या खिडकीत सिलेक्ट (निवडणं), जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गटवार मोजणं) करत बसायचं. मुलांना कंटाळा येतो, ते साहजिक आहे. पण "या महिन्यात कुठल्या पार्टीची उधारी ४५ दिवसांच्या वर गेली" हे एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) काढता येत नसेल, तर त्यावर कितीही देखणी स्क्रीन चढवली तरी आत पोकळच राहणार.

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की एसक्यूलाइट?

हे तिन्ही डेटाबेस सांभाळणारे प्रोग्रॅम. शिकायला पोस्टग्रेस. चुकीचा डेटा तो सहजासहजी आत घेत नाही, आणि सुरुवातीला असा कडक मास्तर बरा. मायएसक्यूएल स्वस्त होस्टिंगवर सगळीकडे मिळतो, म्हणून तोही ओळखीचा असावा. फक्त टेबल बनवताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ८एमबी४' द्या. जुना 'यूटीएफ८' एका अक्षराला तीनच बाइट देतो. मराठी अक्षरं तीन बाइटांत मावतात, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही. मग एक दिवस ग्राहक शेऱ्याच्या रकान्यात हात जोडल्याचा इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात आणि नोंद नाकारली जाते.

एका दुकानातला एकच संगणक असेल तर एसक्यूलाइट उत्तम. त्याची फाइल नेटवर्कवर शेअर करून चार संगणकांवरून लिहायला मात्र जाऊ नका, ती बिघडू शकते.

टेबलं कशी पाडायची? इथेच सगळं अडतं.

अडतंच. कारण टेबलं संगणकासमोर बसून पाडली जातात. आधी कागद घ्या. चाटी गल्लीतल्या एखाद्या घाऊक दुकानाचं पक्कं बिल समोर ठेवा आणि त्यावरचा एकेक शब्द पेन्सिलीने गोल करत जा. वर दुकानाचं नाव, बिल नंबर, तारीख. खाली पार्टीचं नाव, गाव, पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. ट्रान्सपोर्टचं नाव आणि बिल्टी नंबर. मग ओळी: जेकार्ड चादर ६० × ९०, चार डझन, दर, रक्कम, टॉवेल, दहा डझन, दर, रक्कम. तळाला कर, हमाली, राउंड ऑफ, एकूण.

आता प्रत्येक गोल केलेल्या शब्दाला एकच प्रश्न विचारा: हे बिलाचं आहे, बिलातल्या ओळीचं आहे, पार्टीचं आहे की मालाचं? बिल्टी नंबर बिलाचा वाटतो. पण एका बिलाचा माल दोन खेपांत गेला तर बिल्ट्या दोन होतात. म्हणजे डिस्पॅचचं टेबल वेगळं. दर मालाचा वाटतो, पण प्रत्येक पार्टीला तो वेगळा लागतो आणि दिवाळीनंतर बदलतो. म्हणून मालाच्या टेबलात चालू दर ठेवा आणि बिलाच्या ओळीत त्या दिवशी लावलेला दर पुन्हा लिहा. विद्यार्थी म्हणतात, हे तर डुप्लिकेशन झालं, नॉर्मलायझेशनच्या (एक माहिती एकाच जागी ठेवायच्या नियमाच्या) विरुद्ध. तसं नाही. आजचा भाव आणि ३ मार्चला लावलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळीत दर ठेवला नाही तर दर बदलल्याबरोबर मागच्या वर्षीची सगळी बिलं आपोआप बदललेली दिसतील.

पार्टीच्या नाव-पत्त्याचंही तेच. पार्टीने दुकान हलवलं म्हणून जुन्या बिलावरचा पत्ता बदलता कामा नये.

मोजमापाकडे खास लक्ष द्या. साठा नेहमी नगात ठेवा, डझन फक्त दाखवताना करा. कुणी वहीत ४.५ लिहितं, ते साडेचार डझन म्हणून, म्हणजे ५४ नग. कुणी तेच ४.५ लिहितं ते चार डझन पाच नग म्हणून, म्हणजे ५३. प्रोग्रॅम दोन्ही वेळा ५४ धरतो आणि वर्षाखेरीला गोदामातला माल जुळत नाही. स्क्रीनवर डझन आणि नग असे दोन वेगळे रकाने दिले की हा घोळ सुरूच होत नाही.

कराचा दर एका रकान्यात लिहिला तर काय बिघडतं?

चादरीचंच बघा. सुरुवातीला नगाची किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर असेल तर १२ टक्के असा जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपयांवर गेली. तिथपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे १,२०० रुपयांची तीच चादर २१ तारखेला १२ टक्क्यांत होती आणि २२ तारखेला ५ टक्क्यांत आली. ज्यांनी मालाच्या टेबलात 'कर = १२' असा एकच आकडा ठेवला होता त्यांना रात्री बसून एकेक माल दुरुस्त करावा लागला असणार. ज्यांनी कोडमध्येच 'किंमत १००० पेक्षा जास्त असेल तर' लिहिलं त्यांची अवस्था त्याहून वाईट, कारण कोड बदलल्यावर जुन्या बिलाची प्रत काढली तरी नवा दर लागतो.

दरांचं स्वतंत्र टेबल करा: मालाचा वर्ग, कधीपासून, कधीपर्यंत, किमतीची वरची मर्यादा, टक्के. बिल करताना बिलाच्या तारखेने आणि नगाच्या किमतीने दर शोधायचा आणि तो ओळीत कायमचा लिहून ठेवायचा. माल परत आला की क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा दर लागतो, आजचा नाही. आणखी एक: पार्टी महाराष्ट्रातली असेल तर कर केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा, विजयपूर किंवा हैदराबादची असेल तर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा एकत्रित कर). क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य कळतं: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. माल पोहोचवायचं ठिकाण मात्र वेगळं विचारून घ्या, कारण आयजीएसटी लागणार की नाही हे पार्टीच्या पत्त्यावर नाही, पुरवठ्याच्या ठिकाणावर ठरतं.

पैसे, फोन नंबर, पिनकोड कुठल्या प्रकारात ठेवायचे?

पैसे न्यूमेरिकमध्ये (दशांश नेमके ठेवणारा प्रकार), दोन दशांश स्थळांसह. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) कधीच नाही. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. एका बिलात हे दिसत नाही, पण हजार बिलांची बेरीज बँकेशी जुळत नाही आणि दहा-वीस पैशांसाठी माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

फोन नंबर आणि पिनकोड म्हणजे मजकूर. त्यांची बेरीज कुणी करत नाही. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ पूर्णांकात टाकलात तर २१७ उरतो. एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) करतानाही पुढचा शून्य असाच गळतो. आयात करण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' केलेला आहे का ते बघा.

रात्रीच्या नोंदी आदल्या दिवसाच्या रिपोर्टात का जातात?

सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. साखर कारखान्याच्या गळीत हंगामात वजनकाटा चोवीस तास चालतो. रात्री दोन वाजता आलेल्या ट्रॅक्टरची नोंद यूटीसीत आदल्या तारखेच्या रात्री साडेआठची होते. नुसती तारीख कापून ग्रुप बाय केलं तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंतचा सगळा ऊस काल मोजला जातो. रकाना 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' ठेवा आणि रिपोर्ट काढताना आधी 'एशिया/कोलकाता' वेळेत आणा, मग तारीख काढा.

त्याआधी कारखान्यात एक गोष्ट विचारा: तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो? पाळ्यांच्या हिशोबात तो मध्यरात्री सुरू होत असेलच असं नाही.

मराठी नाव डोळ्यांना दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. का?

कारण डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकाला सारखी नसतात. 'कऱ्हाड' घ्या. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र 'ऱ' आणि हलन्त असा टाइप होतो. दुसऱ्यावर 'र', हलन्त आणि मग 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह येतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. लांबी मोजलीत तर एकाची ६, दुसऱ्याची ७. साहजिकच 'बरोबर आहे का' असं विचारलं की उत्तर 'नाही'. तिसरा प्रकार म्हणजे साध्या र खाली नुक्ता (टिंब) देऊन केलेला ऱ.

उपाय दोन टप्प्यांत. साठवण्याआधी मजकूर एनएफसी स्वरूपात (सगळ्या लिपींसाठीच्या युनिकोड या पद्धतीतलं एक ठरावीक रूप) आणा. त्याने नुक्तावाला ऱ सरळ होतो. जॉइनरवाला त्याने होत नाही. त्यासाठी र, हलन्त, जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त बसवणारा छोटा फंक्शन स्वतः लिहावा लागतो. तोच फंक्शन शोध-शब्दावरही लावा. एका बाजूलाच लावला तर घोळ तसाच राहतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आल्या तर त्या युनिकोड नसतात. फॉन्ट काढला की आत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी कन्व्हर्टरने बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी.

याद्यांच्या क्रमातही गंमत आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. मतदारयादी किंवा सभासदांची यादी छापायची असेल तर आयसीयू या लायब्ररीची मराठी कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचे नियम) लावा.

आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड घरांची नावं मराठीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, आणि पत्त्यात 'सात रस्ता', 'सातरस्ता' आणि '७ रस्ता' हे तिन्ही येतात. तिथे नावावरून ग्राहक ओळखायचाच नाही. मोबाइल किंवा ग्राहक क्रमांक हीच ओळख.

शेवटच्या बारा चादरी दोघांनी विकल्या आणि साठा उणे बारा झाला. असं कसं?

दोन काउंटर, दोन सेल्समन. दोघांच्या प्रोग्रॅमने एकाच क्षणी शिल्लक वाचली: १२. दोघांनी 'आहे' म्हटलं, दोघांनी १२ वजा केले. "पण मी ट्रान्झॅक्शन लावलं होतं" असं विद्यार्थी म्हणतात. नुसतं ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा कमांडचा गट) इथे वाचवत नाही. पोस्टग्रेसमध्ये न सांगता मिळणारी आयसोलेशनची पातळी (एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ती) 'रीड कमिटेड' असते आणि तिच्यात हे घडू शकतं.

सोपा इलाज म्हणजे वाचणं आणि वजा करणं एकाच कमांडमध्ये:

अपडेट माल सेट शिल्लक = शिल्लक − १२ व्हेअर कोड = 'चादर-६०९०' अँड शिल्लक >= १२;

मग किती ओळी बदलल्या ते बघा. एक असेल तर विक्री पक्की, शून्य असेल तर "माल संपला" दाखवा. जिथे आधी वाचून मध्ये बराच हिशोब करायचा असतो तिथे 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरा, पण ओळींना कुलूप नेहमी एकाच क्रमाने लावा, उदाहरणार्थ माल-क्रमांकाच्या चढत्या क्रमाने. एकाने चादर-टॉवेल आणि दुसऱ्याने टॉवेल-चादर असा क्रम घेतला की दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात. त्यालाच डेडलॉक म्हणतात. शिवाय टेबलावरच 'चेक (शिल्लक >= ०)' लिहून टाका. कोड चुकला तरी डेटाबेस अडवेल.

हा प्रयोग वर्गात दोन खिडक्या शेजारी उघडून हाताने करा. दोन्हीकडे बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), दोन्हीकडे अपडेट. दुसरी खिडकी थांबून राहते. पहिलीत कमिट (बदल पक्का) दाबलं की दुसरी सुटते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातली तीन प्रकरणं कळतात.

बिल नंबरमध्ये मधला आकडा का गळतो?

सीक्वेन्स (आपोआप पुढचा आकडा देणारी डेटाबेसची सोय) वापरल्यामुळे. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी सीक्वेन्सने घेतलेला आकडा परत येत नाही. टेबलाच्या आयडीसाठी ते ठीक आहे, कर-बिलासाठी नाही. तिथे नंबर आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव हवा, लांबी १६ अक्षरांपर्यंत. वेगळं टेबल करा: वर्ष, मालिका, शेवटचा नंबर. बिल कमिट होणाऱ्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीला कुलूप लावून नंबर एकने वाढवा. थोडं हळू होतं, पण मिनिटाला दहा बिलं करणाऱ्या दुकानाला त्याची झळ लागत नाही.

वेबसाइट आणि वेब सर्व्हिस यात फरक काय?

वेबसाइट माणसासाठी पान पाठवते. वेब सर्व्हिस दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी नुसता डेटा पाठवते, हल्ली बहुतेक जेसनमध्ये (डेटा लिहायचं एक साधं मजकुराचं रूप). सेल्समनचं मोबाइल ॲप, गोदामातला संगणक आणि मालकाच्या घरचा लॅपटॉप हे तिघेही त्याच सर्व्हिसशी बोलतात. अशा सर्व्हिस बांधायच्या एका पद्धतीला रेस्ट म्हणतात. हा शब्द रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधातून आला. रोजच्या कामापुरतं इतकं धरा: पत्ता म्हणजे वस्तू, मेथड म्हणजे कृती. बिल बघायला गेट, नवीन करायला पोस्ट, बदलायला पुट किंवा पॅच.

उत्तराचे कोड नीट द्यायला शिका. २०० म्हणजे झालं, २०१ म्हणजे नवीन नोंद झाली, ४०० मागणीच चुकीची, ४०१ लॉगिन नाही, ४०३ लॉगिन आहे पण अधिकार नाही, ४०४ सापडलं नाही, ४०९ सध्याच्या स्थितीशी टक्कर (साठा संपला हे इथे), ५०० आमच्याकडे बिघडलं. सर्रास दिसणारी खोड म्हणजे सगळ्यालाच २०० द्यायचा आणि आत 'एरर' असं लिहायचं. मग मोबाइल ॲप खुशाल "ऑर्डर गेली" असा हिरवा टिक दाखवतं.

टॅलीशी जोडायचं असेल तर तेही एचटीटीपीवरूनच (वेबच्याच बोलण्याच्या पद्धतीने) होतं, पण सहसा जेसनऐवजी एक्सएमएलमध्ये (टॅगांत बांधलेला डेटा). टॅलीत सर्व्हर सुरू केलेला असेल तर तो सहसा ९००० या पोर्टवर (संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारावर) ऐकतो. लेजरचं (खात्याचं) नाव टॅलीत आहे तसंच्या तसं पाठवा. एक जास्तीची मोकळी जागासुद्धा चालत नाही.

एकच ऑर्डर दोनदा पडते. बटण डिसेबल केलं तरी.

बटणाचा यात फारसा दोष नाही. सेल्समन अक्कलकोट रोडवर किंवा एखाद्या खेड्यात आहे, रेंज जाते-येते. मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचली, ऑर्डर लिहिली गेली, उत्तर परत येताना रेंज गेली. ॲपला वाटलं पोहोचलंच नाही, त्याने पुन्हा पाठवलं. मोबाइलने प्रत्येक ऑर्डर तयार होतानाच एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांब ओळख-क्रमांक) बनवावा आणि पुन्हा पाठवताना तोच पाठवावा. सर्व्हरवर त्या रकान्याला युनिक बंधन. दुसऱ्यांदा तोच आला की नवी नोंद न करता आधीच्या ऑर्डरचंच उत्तर द्यायचं. 'आधी शोधा, नसेल तर घाला' असं दोन पावलांत करू नका, दोन मागण्या एकदम आल्या की त्या फटीतून निसटतात. 'इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' यासाठीच आहे.

आमच्या लॅपटॉपवर झटकन चालतं, कारखान्यात बसवलं की रांगतं.

लॅपटॉपवर २० नोंदी होत्या, तिथे तीन लाख आहेत. शिकतानाच पोस्टग्रेसच्या 'जनरेट सीरीज'ने दोन लाख बिलं आणि दहा लाख ओळी भरून ठेवा. मिनिटाभराचं काम आहे, आणि चुका लगेच दिसायला लागतात.

पहिली चूक: फॉरेन की (दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा रकाना) केली म्हणजे इंडेक्स (पटकन शोधायची सूची) झाला असं वाटणं. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन तो आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही. बिलाच्या ओळींच्या टेबलात बिल-क्रमांकावर इंडेक्स स्वतः टाका.

दुसरी: यादीतल्या १०० बिलांसाठी लूपमध्ये १०० वेळा पार्टीचं नाव विचारणं. एकूण १०१ क्वेरी. ओआरएममध्ये (कोडमधून एसक्यूएल आपोआप लिहून देणारं साधन) हे दिसतसुद्धा नाही, म्हणून शिकताना क्वेरीचा लॉग सतत उघडा ठेवा. एका पानाला पाच-सातपेक्षा जास्त क्वेरी दिसल्या की थांबून बघा.

तिसरी: रकान्यावर फंक्शन लावून शोधणं, जसं 'वर्ष(तारीख) = २०२५'. तारखेचा इंडेक्स मग उपयोगी पडत नाही. त्याऐवजी १ जानेवारी २०२५ पासून १ जानेवारी २०२६ च्या आधीपर्यंत असा पल्ला द्या.

अंदाज बांधत बसू नका, 'एक्सप्लेन ॲनलाइझ' लावा. मोठ्या टेबलावर मोजक्या ओळींसाठी 'सीक्वेन्शियल स्कॅन' आला की आजार तिथेच आहे. आणि म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स टाकू नका. प्रत्येक नवीन नोंदीला ते सगळे लिहावे लागतात.

"टू मेनी क्लायंट्स" अशी एरर आली तर मर्यादा वाढवायची घाई नको. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आहे आणि लहान कारखान्याला ती पुरून उरते. कुठेतरी जोडणी उघडून बंद केलेली नाही. पूल (उघड्या जोडण्या वाटून वापरायची सोय) वापरा, आकार १० ठेवा.

ओआरएम वापरायचं की नाही?

वापरा, पण एसक्यूएल येऊ लागल्यावर. साध्या नोंदींना ते सोयीचं आहे. उधारीच्या वयाचा रिपोर्ट मात्र सरळ एसक्यूएलमध्ये लिहा.

सुरक्षिततेचं किमान काय?

वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीत कधीही जोडून लिहायचा नाही, पॅरामीटरने (क्वेरीपासून वेगळा) द्यायचा. पासवर्ड आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टने हॅश करायचा (मूळ शब्द परत काढता येणार नाही अशा रूपात बदलायचा). बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघतो. मराठीत पासवर्ड ठेवला तर ती २४ अक्षरचिन्हंच झाली, हे लक्षात असू द्या. डेटाबेसचं ५४३२ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. ॲप्लिकेशनच्या युजरला टेबल पाडायचे किंवा उडवायचे अधिकार देऊ नका.

बिल क्रमांक बदलून दुसऱ्याचं बिल उघडतंय का, हे स्वतः करून बघा. पत्त्यात १०५ च्या जागी १०६ टाकायचं, बस्स. शिकाऊ प्रकल्पांपैकी पुष्कळ इथेच नापास होतात: लॉगिन तपासलेलं असतं, पण हे बिल याच पार्टीचं आहे का ते तपासलेलं नसतं. ग्राहकांची माहिती साठवताय म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात घ्यायला हवा. लागत नसेल तर आधार क्रमांक मागूच नका.

मध्येच लाइट गेली तर डेटा जातो का?

कमिट झालेला जात नाही. पोस्टग्रेस आधी लॉगमध्ये लिहून मग "झालं" म्हणतो. वेग वाढवायला कुणी 'एफसिंक' (डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याची खात्री) बंद केलं असेल तर मात्र सगळ्या डेटाबेसवर पाणी सोडावं लागू शकतं. सर्व्हरला यूपीएस हवाच, उन्हाळ्यात तर नक्की, आणि ज्या खोलीत पारा चाळिशीपार जातो तिथे डब्बा बंद कपाटात कोंडू नका.

बॅकअप रोज रात्री पोस्टग्रेसच्या 'पीजी-डंप' या साधनाने, एक प्रत त्याच इमारतीबाहेर. दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) चालवल्यावर पासवर्ड मिळत नाही: पासवर्डच्या 'पीजीपास' फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) पेक्षा सैल असेल तर पोस्टग्रेस ती वाचतच नाही. दुसरं, डिस्क भरलेली असते आणि महिनाभर शून्य बाइटची फाइल बनत राहते. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून शेवटच्या बिलाचा नंबर ताडून बघायचा.

लॅपटॉप कसला लागेल?

८ जीबी रॅम आणि एसएसडी. जुनाही चालतो.

किती दिवस लागतात?

रोज दोन तास वर्ग आणि दोन तास सराव धरला तर सोळा आठवडे. पहिले दोन कागदावर, पुढचे तीन एसक्यूएल, मग चार आठवडे एका भाषेत बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड), तीन वेब सर्व्हिस, एक लॉगिन-अधिकार, एक वेग आणि बॅकअप, उरलेले दोन प्रकल्प. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी सरळ आठ महिने धरावेत. "दीड महिन्यात फुल स्टॅक" (स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं) असं कुणी सांगत असेल तर त्यांना डेडलॉक कसा सोडवतात ते विचारून बघा.

एआयकडून कोड लिहून घेतला तर चालेल का?

चालतो, आणि दिसायला छान असतो. पण मुनीमजींचे ४.५ डझन म्हणजे ५३ नग, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. साठ्याचं उदाहरणही तो बऱ्याचदा 'वाचा, मग वजा करा' असंच देतो. कोड कुणाचाही असो, दोन खिडक्यांचा प्रयोग त्यावर करायचा.

इंग्रजी कच्चं आहे. अडेल का?

टेबलांची आणि रकान्यांची नावं इंग्रजीत ठेवलेली बरी, एरर इंग्रजीत येतात. एवढं इंग्रजी दोन महिन्यांत डोळ्यांखालून जातं. एररचा पहिला आणि शेवटचा भाग वहीत उतरवून काढायचा.

सोलापुरात याचा उपयोग आहे का, की पुणंच गाठायचं?

मोठ्या कंपन्यांची नोकरी हवी असेल तर पुणं किंवा हैदराबाद, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण इथे साखर कारखाने, पतसंस्था, दवाखाने, निर्यातीचा टॉवेल बनवणारे कारखाने, डाळिंबाचे व्यापारी, बाजार समितीतले कांद्याचे अडते आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचं काम एक्सेल आणि वह्यांवर चालतं. तिथे पगार कमी, पण संपूर्ण यंत्रणा एकट्याने उभी करायला मिळते. काम घेताना दुरुस्तीचे पैसे वर्षाच्या हिशोबाने आधीच ठरवा. नाहीतर "जरा एक रकाना वाढवून दे" यातच वर्ष जातं.

शेवटचा प्रकल्प कोणता घ्यावा?

लायब्ररी आणि हॉटेल बुकिंग नको. ओळखीचं एक चालू दुकान किंवा कारखाना घ्या आणि त्यातलं एकच काम उचला: उधारी, किंवा साठा, किंवा बिल्ट्या. मालकापेक्षा मुनीमजींशी जास्त बोला. अपवाद त्यांनाच माहीत असतात. तयार झालं की आठवडाभर वही आणि ॲप दोन्हीकडे नोंदी करायला सांगा. शनिवारी दोन्हींची शिल्लक ताडा. जुळली नाही तर आधी परत आलेल्या मालाच्या नोंदी काढून बघा. पार्टीने बदलून मागितलेली चादर वहीत 'बदली' म्हणून एका ओळीत जाते आणि तुमच्या टेबलात तिला अजून जागाच नसते.